माणसं फार झालीत, अन् माणसं मिळत नाहीत

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला जाणार असाल तर नुसती भूक घेऊन जाऊ नका, सोबत एखादं मतही न्या. सध्या सगळ्यात खपणारं मत घुसखोरी आणि लोकसंख्येचं. कांद्यावर बोलायचं तर कांदा पिकवावा लागतो, द्राक्षावर बोलायचं तर बाग लागते. या विषयाला दुसरा रस्सा येईपर्यंतचा वेळ पुरतो.

सुरुवात आकड्याने करा. आकडा मोठा हवा आणि तो कुणी मोजलेला नसावा. इथे तुमच्यामागे भक्कम परंपरा उभी आहे. २००४ साली केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत बेकायदा बांगलादेशी १ कोटी २० लाख असल्याचं सांगितलं, आणि मग आकडा भरवशाचा नाही म्हणून मागेही घेतलं. २०१६ साली दुसऱ्या सरकारच्या गृहराज्यमंत्र्यांनी २ कोटी सांगितले. संसदेत कोटी असे येतात-जातात, तर तुम्ही मिसळीच्या टेबलावर लाखात का बोलावं? आसामचं नाव मात्र काढू नका. तिथे खरोखर कागद तपासून मोजलं. २०१९ मध्ये १९ लाख माणसं नागरिकांच्या यादीबाहेर राहिली, आणि ‘मोजा, मोजा’ म्हणून ज्यांनी घसा कोरडा केला होता त्यांच्यातलेच कित्येक म्हणाले, यादी चुकली. मोजण्याचा हाच तोटा.

मग ओळखायचं कसं? बोलण्यावरून. फरशी बसवणारा पोरगा फोनवर घरी बोलताना ‘भालो’ म्हणाला की चौकशी संपली. पश्चिम बंगाल नावाचं राज्य भारतातच आहे, २०११ च्या जनगणनेत तिथे ९ कोटींवर माणसं होती, असं कुणी म्हणालं तर त्याला ताक पाजा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावे लागले. आपल्याकडे अहिराणी बोलणाऱ्याला कुणी गुजरातेत ढकललं नाही, हे आपलं नशीब.

शब्द जपून वापरा. रात्री नदी ओलांडून कामाला आला तो घुसखोर. व्हिसा संपल्यावर न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर थांबलेला आपला भाचा मात्र ‘सेटल झालाय, कागदांचं चाललंय’. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्रातलेही होते. असल्या दिवशी टेबलावर काय बोलावं असा पेच पडतो. तेव्हा ‘पोटासाठी गेली होती बिचारी, एजंटाने फसवलं’ एवढं म्हणा आणि पाव मागवा. हेच वाक्य दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी वापरायचं नाही, एवढं पथ्य.

घुसखोरी नाहीच, असं म्हणणारा मी नाही. बांगलादेशाशी ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे. खोटे दाखले करून देणारे दलाल आहेत. सरकारने १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा बाजूला सारून २०२५ मध्ये नवा आणला, त्यात खोट्या पासपोर्ट-व्हिसाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ठीकच आहे. पण दाखला करून देणारा इथला, दहा बाय दहाची खोली भाड्याने देणारा इथला, आणि कागद न विचारता निम्म्या मजुरीत राबवून घेणारा तर अगदीच इथला. हा विषय मात्र काढू नका. तो बहुधा समोरच बसलेला असतो आणि मिसळीचं बिलही तोच देणार असतो.

घुसखोरी संपली की लोकसंख्येकडे वळा. १९५१ ला ३६ कोटी, २०११ ला १२१ कोटी. इथे मान हलवून थांबायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, म्हणजे आईबापांची जागा भरायलाही कमीच, हे बोलू नका. २०२४ मध्ये आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी मुलं वाढवा म्हणून सांगितलं, तेही नको. विषय बिघडतो.

नाशिकचंच बघा. २००१ ला शहरात पावणेअकरा लाख माणसं होती, २०११ ला पावणेपंधरा लाख. हे चार लाख कोण, असं टेबलावर हात आपटून विचारा. धुळ्याहून अंबडच्या कंपनीत लागलात, सिडकोत घर घेतलंत आणि मागोमाग दोन्ही भाऊ आणलेत, ते त्यात धरायचं नाही. तुम्ही ‘स्थायिक झालात’, बाकीचे ‘लोंढे’. आणि २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडावर मुंगीलाही जागा उरणार नाही, तेव्हा गर्दी फार असं म्हणू नका. त्या गर्दीला भाविक म्हणतात.

दुपारी साडूच्या बागेत जेवायला जाणार असाल तर वाटेत मत बदलून घ्या. दिंडोरीच्या पुढे ते मत चालत नाही. ऑक्टोबरची छाटणी झालेली, विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, एकदम अंगावर आलेलं. साडू फोनवर कुणाच्या तरी हातापाया पडतोय. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या एकराचा उक्ता भाव सांगतात, आणि कालची टोळी शेजारच्याने शंभर रुपये जास्त देऊन पळवली. वेलीखाली एक बाई कात्रीने घडातले बारीक मणी टिपतेय, मान वर करून, तासन्‌तास. तिचं पोर मांडवाच्या तारेला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपलंय. जाता-येता साडू झोळीला हलका झोका देतो, कारण पोर उठलं की आईचा हात थांबतो. तुम्ही सवयीने म्हणाल, ‘माणसं फार झालीत हो.’ साडू वर न बघता म्हणेल, ‘कुठंयत? दे ना दहा.’

आता घरचं. बाथरूमचं काम चाललंय. फरशीवाले दोघे. त्यातला धाकटा एक डोळा मिटून लाइनदोरीकडे बघतो आणि रबरी हातोडीने असं ठोकतो की सांडलेला तांब्या थेट जाळीकडे धावतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हीच ठराव मांडलात : बाहेरच्या कामगाराने गावचे कागद दाखवल्याशिवाय गेटच्या आत यायचं नाही. टाळ्याही मिळाल्या. सोमवारी मुकादमाला फोन लावा.

‘साहेब, पोरं गावाला गेली. बंगालात, मालद्याला. कागद आणायला.’

‘किती दिवस?’

‘दोन दिवस जायला, दोन यायला. मधे तिकडचा जो कोण तलाठी असेल, तो.’

‘मग दुसरे पाठव.’

‘माणसं मिळत नाहीत, साहेब.’

बाथरूमची एक भिंत लागलीय, तीन उघड्या आहेत. तोवर अंघोळीला वरच्या मजल्यावर जा. त्यांना तीन मुलं आहेत, आणि त्यावरून मागच्या महिन्यात जिन्यात तुम्ही जे बोललात ते त्यांच्या कानावर गेलंय. तरी नाही म्हणणार नाहीत. टॉवेल-साबण घेऊन सहालाच पोचा. तिघांना शाळेची बस असते, तुमचा नंबर चौथा.