‘भिंतीचं नेतृत्व?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘निर्भीड मुंबईकर’ या नावाआड बसलेल्या महोदयांस,

दुसऱ्या महायुद्धात इटलीत एका सेक्शनचं, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचं, नेतृत्व करताना पडलेले नाईक यशवंत घाडगे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “सेक्शनची सगळी माणसं पडल्यावर नेतृत्व कुणाचं केलं? भिंतीचं? गोऱ्यांच्या पगारी शिपायाच्या आरत्या ओवाळण्याआधी लेखकाने जरा वाचावं. बटालियनसुद्धा चुकली आहे.”

बटालियनचं बरोबर. घाडगे तिसऱ्या बटालियनचे. मी पहिली लिहिली, ती नामदेव जाधवांची. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही इटलीतल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, त्यात माझी गल्लत झाली. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

पण “भिंतीचं?” ही काय बोलायची रीत झाली? रणात पडलेल्या माणसाबद्दल असं आमच्या लालबागच्या नाक्यावरही कुणी बोलत नाही. माझे काका मराठा रेजिमेंटात नाईकच होते. पेन्शनीत आल्यावर आमच्या चाळीतल्या खोलीत राहायचे. म्हणायचे, नाईक म्हणजे दहा पोरांचा बाप. हुकूम वरून येतो, पण आधी उठायचं नाईकानं. आम्ही हे ऐकत वाढलो, गूगलवर शोधलं नाही.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनने अगदी जवळून झोडपलं आणि घाडगे सोडून अख्खं सेक्शन मेलं किंवा जखमी झालं. सोबतीला कुणी उरलं नाही हे पुरतं ठाऊक असताना २२ वर्षांचा हा पोरगा त्या मशीनगनवर धावून गेला, हे खुद्द व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि तिचा गनर संपवला. एकाला टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या स्वयंचलित बंदुकीने, टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तर तीच गन नळीला धरून उरलेल्या दोघांना ठेचलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. ‘मेलं किंवा जखमी’ यातलं ‘जखमी’ आपण वाचलंतच नाही. ती माणसं त्याच मशीनगनच्या माऱ्यात पडली होती. त्यांना भिंत म्हणताय?

‘गोऱ्यांचा पगार’ या जुन्या तुणतुण्यावर वेळ घालवत नाही. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. मालक कुठल्या जातकुळीचा हे विचारून कुणी पाळीला जात नसे.

वाचायचा सल्ला दिलात, मी प्रवासाचा देतो. परळहून रायगडातल्या माणगावची एसटी धरा. तहसील कचेरीपाशी घाडग्यांचा पुतळा आहे. मी तीनदा जाऊन आलोय. तुम्ही कितीदा?

आणि पुढच्या वेळी निर्भीडपणे स्वतःचं नाव लिहा.