'रेव्हनंट'ची भीती कुठून येते

एका लेखात 'रेव्हनंट' या कोरियन मालिकेला (२०२३, १२ भाग) नुसती झपाटलेल्या मुलीची गोष्ट म्हटलंय, ते पटलं नाही. तिचा पाया जुन्या कोरियन करणीत आहे. अठराव्या शतकात यी इक या विद्वानानं ती नोंदवलीय: मूल चोरायचं, जेमतेम जगेल एवढंच खायला देऊन वाळवायचं, मग बांबूच्या नळीत चांगलंचुंगलं ठेवायचं. पोर त्यासाठी झेपावलं की मारायचं आणि आत्मा नळीत कोंडायचा. किती थंडपणे केलेलं काम! म्हणून मालिकेत भूत घालवायला नुसता मंत्र चालत नाही. भुताचं नाव आणि त्याच्याशी जोडलेल्या पाच वस्तू शोधाव्या लागतात. मधले काही भाग रेंगाळतात, पण वस्तूंकडे दुर्लक्ष केलंत तर शेवट डोक्यावरून जाईल. दारावरच्या टकटकीकडेही लक्ष ठेवा: टकटक भूत करतं, पण दार माणूसच उघडतो.