बुश्टन ते साष्टी

फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, जवळ आले की गावाहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर तोच वाद ऐकू येतो. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काही गावांत कोंफ्रारियाचे, म्हणजे चर्चच्या धार्मिक बंधुमंडळाचे, सभासदत्व आजही ठरावीक गांवकार (गावाच्या मूळ वतनदार) घराण्यांकडेच आहे, आणि मिरवणुकीत कोंफ्रारियाचा झगा कोणी घालावा यावरून एकाच इगर्जीत (चर्चमध्ये) गुडघे टेकणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. आमचे घराणेही गांवकारांचे. इगर्जी उभी करण्यासाठी पूर्वजांनी पैसा आणि श्रम वेचले, या म्हणण्यात तथ्य आहे हे मी जाणतो. परंतु ज्या वेदीपाशी पवित्र गुरुवारी फादर खाली वाकून गावकऱ्यांचे पाय धुतात, तिच्यासमोर जन्माने मिळालेला मान मागणे मला मुळातच विसंगत वाटते.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. येथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, माझ्या शेजारी कधी केरळची परिचारिका असते, कधी पोलंडचा सुतार, आणि कोणाचे घराणे कोणते हे कोणी विचारत नाही. त्यामुळे परदेशात येऊन आपण अधिक नम्र झालो, असे आमच्यापैकी अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. गोदामात रात्रपाळी करताना वाट्याला येणारे लहानपण परिस्थितीने लादलेले असते, स्वतःहून पत्करलेले नसते. एका वर्षी सुटीत जाऊन मी फेस्ताचे प्रेझिदेंतपद, म्हणजे यजमानपद, घेतले होते, आणि त्या संपूर्ण मिस्सात माझे लक्ष वेदीवर नव्हते. पहिल्या बाकावर कोण बसले आहे, याकडे होते. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो, वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही, आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. ती कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी तिच्यातला परूशी, स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व मिरवणारा, मी होतो.

स्विंडनपासून काही मैलांवर बुश्टन नावाचे खेडे आहे. थॉमस स्टीफन्स हे जेझुइट धर्मगुरू मूळचे तेथले. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने ते आले होते आणि त्या सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती, हे मला विसरायचे नाही. तरीही शिकवायला आलेला हा माणूस आधी शिकायला बसला. त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली, त्यांच्याच ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते साष्टीतल्याच राशोलला छापले गेले. आमच्या घरी प्रार्थना कोकणीत होते, पण मराठी वाचायला आजोबांनी शिकवले ते याच ओव्यांवर बोट ठेवून.

या वर्षी प्रेझिदेंतपदाविषयी गावाहून निरोप आला, तेव्हा मी नकार कळवला. कोंफ्रारिया सर्वांसाठी खुली करावी, या अर्जावर मात्र सही करून तो परत पाठवला आहे. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.