बर्फातला बांगडा

परवा संध्याकाळी सहा वाजता आमच्या ऑफिसच्या दारातल्या हजेरीच्या मशीननं मला ओळख दाखवली नाही. अंगठा ठेवला, लाल दिवा. ओढणीला पुसून ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, तरी लालच. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा,' असं आतली बाई इतक्या गोड आवाजात सांगत होती की मागच्या रांगेतल्या आठ जणांना वाटावं, हिचंच काहीतरी चुकतंय. शेवटी बस चुकेल म्हणून मी तशीच निघाले. काल हजेरीचा तक्ता आला. त्याच्या हिशेबानं सकाळी 9.25 ला आत गेलेली बाई अजून बाहेर पडलेली नाही. आता अशा बाईला खरं तर रात्रीचा ओव्हरटाइम द्यायला हवा. माझा अर्धा दिवस कापला.

गुन्हा बोटांचा. बोट गारठलं की कातडी आकसते, कोरडी पडते आणि ठशाच्या रेघा मशीनला दिसेनाशा होतात. सकाळी म्हापशाहून बसमध्ये उकडून आलेली मी मशीनला मान्य, संध्याकाळची मी परकी.

गोव्यात, मे महिन्यात, हात गारठतात असं सांगितलं की लोक तोंडाकडे बघतात. बाहेर अंगाला शर्ट चिकटतोय, आंब्याच्या पेटीतला आंबा दुपारपर्यंत पिकतोय, आणि पणजीत पाटोवरच्या आमच्या काचेच्या इमारतीत मी ओढणीत हात गुंडाळून बसलेली. एसीची जाळी बरोब्बर माझ्या डोक्यावर, रिमोट साहेबांच्या खणात, आणि साहेबांची केबिन पश्चिमेला, उन्हाच्या काचेला टेकून. त्यांना उकडतं म्हणून मी गोठते. आकडा 18.

मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, 2020 पासून नवा एसी सुरू केला की आपसूक 24 वर लागला पाहिजे, असा सरकारचा नियम आहे."

"नवा," साहेब म्हणाले. "आपला जुना आहे."

विषय संपला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं 2004 साली एका विमा कंपनीच्या ऑफिसात महिनाभर मोजून बघितलं होतं. खोली 20 अंशांवरून 25 वर नेली तर टायपिंगच्या चुका 44 टक्क्यांनी घटल्या. तो कागदही मी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. दुपारी त्यावर चहाचा कप होता. त्यांना तरी काय बोलायचं म्हणा. पहिला आधुनिक एसी कॅरियर नावाच्या इंजिनिअरनं 1902 साली बनवला तो ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगू नये, रंग सरकू नयेत म्हणून. मूळ यंत्रच कागदाच्या सुखासाठी जन्मलेलं. आमच्या ऑफिसात कागद अजूनही मजेत आहेत.

माझं काम मराठी टायपिंगचं. जमिनीचे कागद, नोटिसा, करार. इनस्क्रिप्ट कळफलकावर ख, घ, थ, ध, भ ही सगळी जाडजूड मंडळी उजव्या हाताकडे राहतात आणि त्यांना बोलवायचं तर डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरावी लागते. डावी करंगळी थेट जाळीखाली. ती बधिर झाली की शिफ्ट दाबली असं मला वाटतं, कळफलकाला वाटत नाही. मग खर्चाचा कर्च होतो, थकबाकीची तकबाकी, धनादेशाचा दनादेस. गेल्या महिन्यात मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, एका कागदावर सबंध पानभर 'भाटकार'च्या जागी 'बाटकार' गेलं. ज्यांची जमीन, ते भाटकार गृहस्थ स्वतः वाचायला आले होते. घराण्याला बाटवलं म्हणून त्यांनी जो आवाज चढवला, तेवढ्यापुरतं ऑफिस गरम झालं.

उपाय काय कमी केले? चहाचा ग्लास धरून बसले तर टाइप कशानं करणार? हात मांडीखाली घेऊन बसले तर साहेबांना वाटलं काम नाही. लॅपटॉपचा चार्जर चांगला तापतो, तो काही दिवस मांडीवर घेऊन बसायचे, मांजर घ्यावं तसा. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सकाळी गरम उंडे (गोल पाव) घ्यायचे आणि रुमालात बांधून आळीपाळीनं दोन्ही हातांत धरायचे, हाही प्रयोग झाला. दहा वाजेपर्यंत उत्तम चालला. मग भुकेनं घात केला, आणि कळफलकात जो चुरा गेला त्यानं मुंग्या आल्या. माझ्या मावशीनं फेणी चोळायला सांगितली. चोळली. त्या दिवशी नेमकी साहेबांनी मीटिंग ठेवली होती. त्यांनी वास घेतला, काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मला सकाळची नोटीस देताना हळू आवाजात विचारतात, "जमेल ना?"

डॉक्टरकडेही गेले. त्यांनी विचारलं, बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात का? रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1862 साली असला विकार लिहून ठेवलाय. मी आशेनं बोटांकडे बघितलं. ती बोटांच्याच रंगाची होती. "मग काही नाही," डॉक्टर म्हणाले, "गार वाटलं की शरीर पोटातल्या महत्त्वाच्या अवयवांसाठी ऊब राखून ठेवतं आणि हातांचा रक्तपुरवठा कमी करतं." म्हणजे माझ्या शरीरातसुद्धा साहेब केबिनमध्ये आणि टायपिस्ट जाळीखाली. आणखी एक त्यांनी सांगितलं ते मात्र कामाचं होतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात, बोटांत नुसत्या दोऱ्या. तेव्हा नुसती बोटं झाकू नका, अख्खा हात उबदार ठेवा.

म्हणून आज शुक्रवारी सकाळीच म्हापशाच्या बाजारात गेले. मे महिन्यातला शुक्रवार म्हणजे पुरुमेंताची गर्दी. पावसाळ्यापुरती मिरची, सोलं, सुकी सुंगटं भरायला अख्खा बार्देश लोटलेला. एका मोजे-बनियनच्या दुकानात गेले. गादीवर मालक नुसत्या गंजीत, मानेवर ओला पंचा, हातात वाऱ्यासाठी वहीचा पुठ्ठा.

"लोकरीचे हातमोजे आहेत का, बोटं उघडी असलेले?"

पुठ्ठा थांबला. "कोणाक?"

"मला."

"आतां?"

"आता."

त्यांनी एकदा रस्त्यावरच्या उन्हाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाय, तुजी तबेत बरी आसा मगो?"

मी एसी, जाळी, 18, सगळं सांगितलं. माणूस मनानं चांगला. उठले आणि माळ्यावरून एकेक जोडी काढायला लागले. भांडी घासायचे रबरी. बागकामाचे. वेल्डिंगचे, ते कोपरापर्यंत. "हे गरम," म्हणून दाखवले, त्यात मी दोन्ही हात घातले तर टाळीसुद्धा वाजेना. शेवटी मोठ्या अभिमानानं फुटबॉलच्या गोलकीपरचे काढले, हिरवे-पिवळे. "बॉल सुटचो ना."

"काका, मला बॉल नाही अडवायचा, टाइप करायचंय."

"टायप कित्याक करता गो? फोनार उलय. आतां सगळे फोनारच उलयतात, तो आपूण बरयता."

म्हणजे फोनला बोलून लिहायला लावायचं. माझ्या नोकरीचा निकाल त्यांनी दोन वाक्यांत लावला. मी विषय बदलायला म्हटलं, "साधे नाहीतच का?"

तोवर शेजारी सुक्या मासळीची पिशवी घेऊन एक आजी उभ्या होत्या, त्यांना आमच्या व्यवहारात कमालीचा रस आलेला. "बघू," म्हणाल्या आणि सरळ माझा हात ओढून घेतला. कालच्या दिवसभराच्या गारठ्याचा अंश अजून बोटांत असावा, किंवा त्यांचे हातच तापलेले होते. त्यांनी माझी तर्जनी दोन बोटांत धरून दाबली, सोडली, वाकवली, परत दाबली. बांगडा घेताना दाबून बघतात ना, तसं. खड्डा पडतोय का, पडला तर भरून येतोय का. मग हात नाकाजवळ नेला. मला वाटलं आता कल्ले उघडून बघणार.

"बर्फातल्या बांगड्यापरी थंड," त्यांनी दुकानाला निकाल सांगितला. "पूण ताजी आसा."

दुकान हसलं. मीही हसले, न हसून करते काय? पण हात परत मिळाल्यावर लक्षात आलं, दोन वर्षांत माझ्या या तक्रारीला आजींइतकं मनावर कोणीच घेतलेलं नाही. ऑफिसात नाही, घरातही नाही. घरी तर सगळे म्हणतात, आम्ही इथे उकडून मरतोय आणि हिचं बघा. म्हणजे एसीत बसायला मिळतं हेच माझं भाग्य, आणि त्याबद्दल तोंड उघडलं तर माजलेली.

"साहेबाक एसी बंद करूंक सांग," मालक म्हणाले. "फुकट."

हे फुकटचं आजवर मला बाविसाव्यांदा मिळालं असेल. शेवटी त्यांनी स्कूटरवरच्या बायका ऊन लागू नये म्हणून घालतात त्या कापडी बाह्या दिल्या, खांद्यापर्यंतच्या, एकशे वीस रुपये. उन्हापासून वाचवायच्या वस्तूत मी थंडीसाठी हात घातले. बोटं मात्र उघडीच, आणि करंगळी जाळीखालीच.

ऑफिसात पोचल्या पोचल्या कापलेल्या अर्ध्या दिवसासाठी अर्ज टाइप केला आणि न वाचता दिला, कारण घाई होती. तासाभरात तो परत आला. त्यात लिहिलं होतं, 'तंडीमुले अंगटा उमटला नाही, तरी अर्दा दिवस परत मिलावा.' सगळ्या चुकांना लाल पेनानं गोल, आणि खाली शेरा: 'शुद्ध लिहून पुन्हा सादर करा.'

मी एसीकडे बघितलं. 18. बाह्या वर ओढल्या आणि टाइप करायला बसले.