जांभई आली नाही म्हणून कुणी निर्दय ठरत नाही

'समोरच्यापुढे मोठी जांभई द्या. दहा सेकंदांत त्याला आली नाही, तर तो सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणारा माणूस. ऑटिझमची मुलंही यात नापास होतात, कारण त्यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही. मुलीसाठी स्थळ बघताना नक्की करून पाहा.' हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर पडला. त्याच ग्रुपवर ऑटिझम असलेल्या मुलाची आई आहे, हे पाठवणाऱ्याला सुचलंसुद्धा नाही.

यात अर्धं खरं आहे, ते मान्य. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात १३५ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. भावनिक थंडपणाचे गुण जास्त असलेल्यांना दुसऱ्याची जांभई कमी लागली. बस, इतकंच. ते साधे कॉलेजचे विद्यार्थी होते. ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये ३२८ निरोगी लोकांना जांभयांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा १०६ जणांना एकदाही जांभई आली नाही. समानुभूतीशी, म्हणजे दुसऱ्याच्या भावना आपल्यालाही जाणवण्याशी, ठोस संबंध सापडला नाही. वयाशी थोडा सापडला. फॉरवर्डच्या हिशोबाने जवळजवळ दर तिसरा माणूस सायकोपॅथ!

स्थळाचं म्हणाल, तर सायकोपॅथीसाठी वापरली जाणारी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची चाचणी २० मुद्द्यांची, ४० गुणांची असते. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं तपासून गुण देतो. कांदेपोह्यांच्या बशीवर ती उरकत नाही.

सगळ्यात घातक ओळ मुलांबद्दलची. जांभई लागायला आधी ती दिसावी लागते, आणि ऑटिझम असलेली बरीच मुलं चेहऱ्याकडे कमी बघतात. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी नजर टिपणारं यंत्र लावलं आणि मूल चेहऱ्याकडे बघतंय याची खात्री करून जांभई दाखवली. या मुलांना इतर मुलांइतक्याच जांभया आल्या. शिवाय चार वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलाला सहसा बघून जांभई येत नाही. मग काय, अख्खी बालवाडी निर्दय?

समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं आणि ते कळल्यावर आतून हलणं वेगळं. ऑटिझममध्ये बहुधा पहिलं अडतं. सायकोपॅथीत साधारण उलट: समोरच्याच्या मनात काय आहे हे बहुधा कळतं, पण वाटत फारसं काही नाही. या दोघांना एका ओळीत बसवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

आई रडताना ऑटिझम असलेलं मूल कान झाकून पळालं, तर तो आवाज आणि ताण त्याला असह्य झालेला असू शकतो. 'तुला काहीच कसं वाटत नाही?' असं विचारू नका. आवाज खाली आणा, आई का रडतेय ते एका वाक्यात सांगा, एकच काम द्या: 'आईचं डोकं दुखतंय. पाणी आण.' मग थांबा. तेच लगेच वेगळ्या शब्दांत सांगितलंत, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.