ओढ्यापलीकडची शेड

आज सकाळी आमच्या आमदारसाहेबांचा कार्यअहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, मुखपृष्ठावर हात जोडलेले छायाचित्र. चहा घेत घेत चाळत होतो आणि एकतिसाव्या पानावर हात थांबला. तेथे 'स्मशानभूमी सुधारणा' या मथळ्याखाली आमच्या वस्तीच्या स्मशानशेडचे छायाचित्र छापले आहे. चार लोखंडी खांब, वर निळा पत्रा आणि पत्र्याच्या कडेला साहेबांच्या नावाचा फलक. छायाचित्रात ओढा कोठेही दिसत नाही. ज्याने ते काढले तो ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच उभा राहिला असणार, कारण गवत हिरवे आहे, म्हणजे दिवस पावसाळ्याचे आहेत, आणि पावसाळ्यात ओढा उतरून पलीकडे सहज जाता येत नाही.

शेवटच्या पानावर 'माझी भूमिका' आहे. तीत म्हटले आहे की साहेब हक्कांच्या आणि जातीपातीच्या वादात पडत नाहीत, रस्ता, पाणी आणि वीज हीच त्यांची भूमिका आहे. हे वाक्य मी तीनदा वाचले. एकतिसावे पान आणि शेवटचे पान एकाच माणसाने एकाच अहवालात छापावे आणि त्याला त्यात काहीच खटकू नये, याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी आजी २०१९ च्या श्रावणात गेली. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी आमच्यासोबत होते. वस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे आहे. थोडे वर गेले की फरशी पूल लागतो, पण त्या पुलाकडे जाणारी वाट एका शेताच्या बांधावरून जाते आणि त्या बांधावरून आमच्या वस्तीची तिरडी जाऊ दिली जात नाही. बैलगाडी जाते, उसाचा ट्रॅक्टर जातो, आमच्याच बायका त्याच बांधावरून त्याच शेतात खुरपायला जातात. त्या दिवशी बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही, फक्त काटे टाकलेले होते. मग आम्ही ओढ्यात उतरलो. पाणी कमरेला लागत होते. पुढे डाव्या खांद्याला मी होतो आणि माझ्या मागे माझे वडील, त्यांचे वय तेव्हा पासष्ट होते, त्यांची आई त्यांच्या खांद्यावर होती, आणि ते सगळा वेळ एकच शब्द म्हणत होते, "सांभाळून, सांभाळून". तिरडीची एक बाजू पाण्याला लागली आणि आजीच्या अंगावरचे नवे लुगडे भिजले. लाकडेही भिजली होती. रॉकेल संपले तरी चिता नीट पेटेना.

पाचव्या दिवशी साहेब भेटायला आले. सतरंजीवर मांडी घालून बसले, वडिलांचा हात हातात घेतला. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पुढाऱ्याकडे काही मागितले. ते म्हणाले, "साहेब, तेवढी वाट मोकळी करून द्या." साहेब म्हणाले, "अण्णा, हा गावातला सामाजिक विषय आहे, तो गावातच बसून मिटवा, मला त्यात ओढू नका. विकासाचं काही असेल तर सांगा, लगेच करतो." आणि त्यांनी शब्द पाळला. वर्षभरात ओढ्यापलीकडे शेड उभी राहिली. वाट तशीच राहिली.

मला आज एवढेच म्हणायचे आहे की 'मी या वादात पडत नाही' ही भूमिका नसते असे कोणी समजू नये. बांधावर काटे टाकणारा एका बाजूला आणि खांद्यावर आई घेतलेला माणूस दुसऱ्या बाजूला उभा असताना, लोकप्रतिनिधी जर 'हे तुमचे तुम्ही मिटवा' म्हणाला, तर काटे जागच्या जागी राहतात. ज्याला काटे राहावेत असे वाटते त्याला हवे ते मिळालेले असते.

आणि हा 'सामाजिक विषय' आहे तरी काय? नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमात नदी, विहीर, तळे, नळ, रस्ता यांच्या बरोबरीने दहनभूमी आणि दफनभूमी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यांचा वापर करण्यास किंवा तेथे जाण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान एक महिन्याची कैद सांगितलेली आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. कायद्यात जे स्पष्ट लिहिले आहे त्याला 'गावातला विषय' म्हणण्याचा अधिकार कायदे करणाऱ्या सभागृहाच्या सदस्याला कोणी दिला?

ज्या विधिमंडळाचे आमचे साहेब सदस्य आहेत, त्याच्या पूर्वजाची गोष्ट त्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव संमत झाला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तिथले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाणी घ्यायला अस्पृश्यांपैकी कोणाला जाता येईना. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करा. हा दुसरा ठराव मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पहिला ठराव करून ते घरी बसू शकले असते, त्यांचाही कार्यअहवाल सजला असता. त्यांनी तीन वर्षांनी मागे वळून पाहिले की तळ्यावर माणूस पोहोचला का, आणि पोहोचला नाही असे दिसल्यावर पैशाला हात घातला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा तेही त्याच कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. त्यानंतरही तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले.

आता मला सांगा, तळ्याचे पाणी हा स्थानिक प्रश्न होता की नागरी हक्काचा? कोकणातली खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ता, हा शेतीचा प्रश्न होता की माणुसकीचा? १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेव्हा असे दोन कप्पे त्यांना करावे लागले नाहीत. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईच्या हाताला काम नाही हा प्रश्नही त्या त्या तालुक्याचाच होता, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो हक्क झाला. २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा याच सभागृहाने केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड त्यात आहे, आणि वाळीत टाकणे ही गोष्ट तर गावातल्या गावातच घडते. म्हणजे रस्ता-पाणी एका पारड्यात आणि हक्क दुसऱ्या पारड्यात ही वाटणी विधिमंडळाने कधी केलेली नाही. ती आमच्या साहेबांनी त्यांच्या सोयीसाठी केली आहे.

काही जण म्हणतील की आमदाराच्या हातात असते तरी काय. मान्य आहे, पक्षादेश निघाला की मतदानाला त्यांचे हात बांधलेले असतात, १९८५ पासून पक्षांतरबंदीची तलवार डोक्यावर आहे. वाटेचा वाद तहसीलदारांपुढे चालतो हेही खरे. शेतमालकाच्या पिकाचे नुकसान होऊ नये हेही मी मान्य करतो, जरी उसाच्या ट्रॅक्टरने होत नसलेले नुकसान चार खांदेकऱ्यांच्या अनवाणी पायांनी कसे होते ते मला अजून कोणी समजावलेले नाही. पण तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायला पक्षादेश आड येत नाही. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देता येते, अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. मतदारसंघातल्या किती गावांत स्मशानभूमीला जायला वाट नाही आणि त्यांपैकी किती वस्त्या कोणाच्या आहेत, एवढी एक माहिती जरी सभागृहात मागितली असती, तरी जिल्ह्यापासून तलाठ्यापर्यंत कागद हलला असता, कारण विधिमंडळाच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटींचा असतो. त्या निधीतून शेड मंजूर करताना 'तेथे पोहोचायला वाट आहे का' असा शेरा फाइलवर लिहायला एक ओळ पुरली असती.

येथवर लिहिले आणि थोडा थांबलो, कारण अन्याय मला त्यांच्यावरही करायचा नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. आमच्या शेजारच्या काकांना डायलिसिससाठी कोठेच जागा मिळत नव्हती, तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनी फोन उचलला आणि सकाळी काका दाखल झाले. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा आमच्या वस्तीच्या नव्या नावाच्या पाटीला हार घालायला ते स्वतः आले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते मी जवळून पाहिले आहे. ते पाणी खोटे होते असे मी म्हणणार नाही. म्हणूनच जास्त दुखते. ज्याला एका माणसाचे दुःख दिसते, त्याला ते ज्या काट्यांमुळे आले ते काटे का दिसत नाहीत? का दिसतात, पण काटे टाकणाऱ्या घरात मते जास्त आहेत म्हणून तो नजर वळवतो?

हे विचारले की आपल्यातलेच काही जण 'काम करणारा माणूस आहे, कशाला दुखावता' म्हणतात. मला या वाक्याचा आता कंटाळा आला आहे. सभागृहात अध्यक्ष 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' म्हणतात आणि विधेयक संमत होते. आवाजी मतदानात आपल्या साहेबांनी होय म्हटले की नाही म्हटले की ते त्या वेळी बाहेर होते, याची नोंद तुम्हाला मला कोठेही मिळत नाही. आपल्या हक्कांचे कायदे असे संमत होतात आणि आपण पाच वर्षांनी हातपंप मोजून मत देतो. मीही दिले आहे. दोनदा दिले आहे.

अहवाल वाचून झाल्यावर मी साहेबांना पत्र लिहायला घेतले. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. येत्या अधिवेशनात या वाटेवर प्रश्न विचारावा, तहसीलदारांपुढच्या पुढील तारखेला त्यांनी स्वतः हजर राहावे, आणि पुढचा अहवाल छापतील तेव्हा या शेडचे छायाचित्र ओढ्यासकट छापावे. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन रविवारी ते त्यांच्या कार्यालयात द्यायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी नऊला समाजमंदिरापाशी यावे.

पहिली सही घ्यायला मी वडिलांकडे गेलो. त्यांनी पत्र पूर्ण वाचले, मग चष्मा पुसून अहवालाचे एकतिसावे पान मागितले आणि बराच वेळ पाहत राहिले. पत्र्याच्या सावलीत जमिनीवर एक काळा डाग दिसतो, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "ही जागा आईचीच ना रे?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली आणि पान घडी घालून खिशात ठेवले.