ड्रोन फिरला म्हणजे जमीन गेली? नाही!

"ड्रोनने मोजणी झाली, जमीन सरकारजमा झाली, आता हरकत चालत नाही" हा पुण्याजवळच्या प्रस्तावित पुरंदर विमानतळाबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे. मोजणी म्हणजे नुसती मोजणी. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यात आधी कलम ३२(२) ची नोटीस, मग खातेदाराचं म्हणणं ऐकणं; जमीन सरकारकडे जाते ती ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आल्यावर. त्यामुळे पारगाव, वनपुरी, कुंभारवळणकरांनो, लेखी हरकतीची पोच जपून ठेवा.

आणि "विमानतळाच्या जागेवर सगळं माळरानच" असं म्हणतात, ते तर धादांत खोटं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. खट्टा बहार, मीठा बहार असे अंजिराचे दोन हंगाम; पानं घालून भरलेल्या पाट्या पुण्याच्या गुलटेकडी बाजारात येतात, त्या काय माळरानावरून?